जेसीबी येण्याआधी: प्लॉटवरचे साप, सरडे, घोरपडी कशा शोधाव्या आणि कशा वाचवाव्या

खानापूर रस्त्याला आमच्या शिवाराला लागून पाच एकरांचा एक माळ होता. त्याचा लेआऊट पडला, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडले गेले. मे महिन्याच्या शेवटी, दोन वळीव होऊन गेल्यावर, जेसीबी आला आणि पहिल्याच दिवशी मधलं वारूळ उचललं गेलं. मी पोचलो तेव्हा मातीत पांढरी, मऊ सालीची अंडी फुटून पडली होती आणि शेजारी नागीण, मधोमध तुटलेली. जेसीबी चालवणारा पोरगा खाली उतरून उभा होता. वाईट त्यालाही वाटलं होतं. म्हणाला, "मशीनच्या आवाजानं पळून जातील असं वाटलं ओ."

असं सगळ्यांनाच वाटतं. मालकाला, इंजिनिअरला, कंत्राटदाराला आणि चांगल्या मनाने काम करणाऱ्यांनाही. पण पाखरू उडतं, ससा पळतो, आणि साप, घोरपड, सापसुरळी बहुतेक वेळा आत शिरतात. वारुळात, दगडाच्या फटीत, उंदराच्या बिळात, भेगेत, चिखलात. जमीन हादरली की ते आणखी खोल जातात. म्हणजे ज्या जागेवर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा, नेमकी तीच जागा मशीन आधी उकरतं. बेळगाव-खानापूर भागात गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण बांधकामाआधी अशा जमिनी बघतो. त्या अनुभवातून पुढची पद्धत तयार झाली. तिचं सूत्र एकच: या जमिनीत 'आत' कुठे कुठे आहे ते आधी शोधायचं, आणि मग ते एक तर तसंच ठेवायचं किंवा मशीन येण्याआधी रिकामं होऊ द्यायचं.

कायदा कुठपर्यंत येतो

२००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. मच्छे, पिरनवाडी, कंग्राळी, उचगाव, येळ्ळूर, खानापूर इथे पडणारे बरेचसे लेआऊट आणि एकेकटी घरं त्या आकड्याच्या खालीच राहतात. तिथे सर्वेक्षण कोणी मागत नाही, म्हणून कोणी करत नाही.

पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा गुंठे मोजत नाही. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणंही येतं. जमीन स्वतःच्या नावावर असली तरी हे लागू आहे. घोरपड आणि अजगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत, आधीपासून होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नागही त्यात आला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर शिक्षा किमान ३ वर्षं तुरुंगवासाची आहे. हे मालकाला सुरुवातीलाच शांतपणे सांगावं. धमकी म्हणून सांगितलं की तो गेट बंद करतो आणि जेसीबी रात्री लावतो.

पहिली पायरी: जमीन कोणत्या जातीची

उपग्रहाचं छायाचित्र आणि जमिनीच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर घेऊन बसा. जुनी छायाचित्रंही बघा. आज सपाट दिसणारी जागा दहा वर्षांपूर्वी चिऱ्याची खाण असू शकते आणि तिचा बुजवलेला कडा अजून फटींनी भरलेला असतो. मग जमीन ओळखा, कारण 'आत' जमिनीप्रमाणे बदलतं.

पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी जांभ्याची जमीन. तिथे दगडांचे थर, गडगे म्हणजे रचलेल्या दगडांच्या भिंती, काजूच्या बागांतला पाचोळा आणि पालापाचोळ्याखालची ओली माती. दगडाखाली फुरसं मिळू शकतं, नाल्याकाठच्या झुडपात चापडा, दोन्ही विषारी साप. खापरखवल्या हा मातीतच राहणारा, बोथट शेपटीचा साप उन्हाळ्यात दिसतच नाही. पहिला मोठा पाऊस पडला की वर येतो आणि रस्त्यावर चाकाखाली जातो.

शहराभोवती भाताची शिवारं, बांध, नाले, मार्कंडेयकाठची दलदल. बांधांतल्या बिळांत धामीण, पाण्यालगत दिवड, गवतात नानेटी. तळ्याचा चिखल विसरू नका. मऊ पाठीचं कासव उन्हाळ्यात वाळत्या तळ्याच्या चिखलात स्वतःला पुरून घेतं. एप्रिलमध्ये 'कोरडं पडलंय' म्हणून तळं मुरूम टाकून बुजवलं की ते खालीच राहतं, आणि वरून कुणाला काही कळत नाही.

पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळं रान. मार्च-एप्रिलमध्ये त्याला पडणाऱ्या भेगा हेच 'आत'. रान वरून मोकळं दिसतं आणि खाली हातभर खोल घरं असतात.

आणि चौथी जात म्हणजे उघडा माळ, ज्याला कागदावर 'पडीक' म्हणतात. हा शब्द मला खटकतो. गळ्याखाली पंख्यासारखी रंगीत पिशवी उघडून उन्हात दगडावर उभा राहणारा छोटा सरडा याच माळावर राहतो. त्याला गर्द झाडी नकोच, आखूड गवत आणि उघडी माती हवी. या सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नवं नाव दिलं, 'सारडा', आपल्याच मराठी सरड्यावरून. माळावर 'हिरवळ करतो' म्हणून झाडं लावणं हेसुद्धा या प्राण्याचं घर मोडणंच आहे. वृक्षारोपणाचा उत्साह असलेल्या संस्थांना हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दुसरी पायरी: माणसांना विचारा

दुर्बीण, बॅटरी यांच्याआधी हे. गवत कापणाऱ्या बायका, गुरं वळणारी माणसं, खानापूरच्या डोंगराकडे गवळी-धनगर. "इथे साप आहेत का?" असं विचारू नका. उत्तर 'व्हय, लई हाईत' किंवा 'काय नाही ओ' एवढंच येतं. नेमकं विचारा: कात कुठे सापडते? कोंबडीची अंडी कुठल्या घरातून जातात? मागच्या भातकापणीत काय निघालं? आणि माझा आवडता प्रश्न, नागपंचमीला तुम्ही कुठल्या वारुळाला लाह्या वाहता? गावातल्या बाया ज्या वारुळाला पिढ्यान्‌पिढ्या जातात ते बहुधा जुनं, जिवंत आणि कुणी न मोडलेलं असतं. ते आधी नकाशावर घाला.

कन्नड घरांत विचारताना वारुळाला हुत्त, सापाला हावु, घोरपडीला उडा म्हणा. शब्द ओळखीचा आला की माणसं मोकळं बोलतात. स्थानिक नावांवरून जात मात्र ठरवू नका. एका गावातला 'मण्यार' दुसऱ्या गावात निरुपद्रवी कवड्या निघतो. फोटो दाखवून खात्री करा.

तिसरी पायरी: फेऱ्या

एक फेरी म्हणजे सर्वेक्षण नव्हे. साप एखाद्या जागेवर असूनही बहुतेक दिवस दिसत नाहीत. आम्ही निदान सात फेऱ्या धरतो आणि त्या एकाच आठवड्यात उरकत नाही. दोन उन्हाळ्याच्या शेवटी वळवानंतर, दोन मृगाच्या पहिल्या पावसात, तीन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. बांधकामाच्या घाईत एवढा काळ मिळाला नाही तर मिळाल्या तेवढ्या फेऱ्या करा, पण अहवालात 'साप नाहीत' लिहू नका. 'इतक्या तासांत दिसले नाहीत' लिहा. त्या एका वाक्याच्या फरकाने पुढचं काम बदलतं.

दिवसाची फेरी थंडीत ऊन चढल्यावर, साधारण साडेआठ ते अकरा. बेळगावची हिवाळी सकाळ गार असते, त्यामुळे प्राणी ऊन खायला बिळाच्या तोंडाशी येतात. उन्हाळ्यात मात्र सात ते साडेनऊ, नंतर सगळं सावलीत जातं. दोघे जण पाच-सात पावलांच्या अंतरावर, आपली सावली बघायच्या जागेवर पडणार नाही अशा बेताने, अगदी हळू. एका एकराला तास लागला पाहिजे. थांबून ऐका, सापसुरळीचा पाचोळ्यातला आवाज ओळखीचा होतो. कात, विष्ठा, घोरपडीच्या नखांचे ओरखडे, बिळाच्या तोंडाची गुळगुळीत झालेली माती हेही पुरावेच. बिळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर अलीकडे तिथून मोठं कोणी गेलेलं नाही.

रात्रीची फेरी सात ते दहा, डोक्याला बॅटरी, पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट. एकट्याने कधीही नाही. गडग्यांच्या फटींत पाली, पाण्याकाठी दिवड, रस्त्याच्या कडेला मण्यार. दगड उलटायचे ते काठीच्या आकड्याने, हाताने नाही, आणि उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. कडेची माती विस्कटली की ती फट पुन्हा वापरात यायला कितीतरी दिवस जातात. फटीत हात घालणं, साप पकडून फोटो काढणं, शेपटी धरणं यातलं काहीही सर्वेक्षणाला लागत नाही.

चौथी पायरी: कौलं

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट. इंग्लंडमध्ये यासाठी पत्रे किंवा डांबरी कागद अंथरतात, पण आपल्या उन्हात पत्र्याखाली भाजून निघतं. आम्ही पाडलेल्या घरांची मंगळुरी कौलं वापरतो. तीन-चार कौलं एकमेकांना लागून, खाली थोडा पाचोळा, जमिनीला पूर्ण चिकटू न देता. सावली आणि ऊन जिथे मिळतात त्या कडेला, बांधाशी, गडग्याशी. एकराला चार-पाच ठिकाणी. जुने सिमेंटचे पत्रे वापरू नका, त्यातला ॲस्बेस्टॉस तुमच्याच छातीत जातो. प्रत्येक जागेला क्रमांक द्या आणि मांडल्यावर दोन-तीन आठवडे हात लावू नका.

उघडताना कौलाची आपल्यापासून लांबची कड आकड्याने उचला, म्हणजे कौल तुमच्या आणि सापाच्या मध्ये राहतं आणि त्याला बाहेर पडायची वाट तुमच्या विरुद्ध दिशेला मिळते. बघा, फोटो घ्या, आत कोणी असेल तर ते निघून जाईपर्यंत थांबा, मग कौल ठेवा. आधी ठेवलं तर चिरडेल.

नोंद आणि गुप्तता

प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, किती माणसं किती तास, ऊन की ढग, आदल्या दिवशी पाऊस होता का, आणि दिसलेला प्रत्येक प्राणी कुठल्या आडोशाशी होता हे लिहा. 'आडोसा' हा रकाना सगळ्यात मोठा ठेवा, कारण पुढचे निर्णय त्यावरच होणार.

मांडूळ म्हणजे दुतोंड्या दिसला, घोरपडीचं वारूळ सापडलं, तर ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मांडुळाचा गुप्तधनाच्या खुळापायी चोरटा व्यापार चालतो, घोरपडीला मांसासाठी आणि 'हत्थाजोडी'साठी, म्हणजे मुळी म्हणून विकल्या जाणाऱ्या नराच्या वाळवलेल्या जननेंद्रियासाठी, मारतात. फोटोतलं जीपीएस बंद ठेवा, नोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण झाकायची सोय असते ती वापरा. पूर्ण माहिती फक्त वनखात्याला आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही समिती आणि तिची लोकनोंदवही ठरवून दिलेली आहे. नोंदवही धूळ खात पडली असेल तर तुमची नोंद तिचं पहिलं पान होऊ द्या.

आता नकाशावर तीन रंग

लाल म्हणजे हात लावायचा नाही: वारुळं, नाल्याचा काठ, जुना गडगा, जिवंत तळं. पिवळा म्हणजे हाताने आणि हळू. उरलेलं हिरवं. हा नकाशा घेऊन मालकाकडे जाण्याची वेळ लेआऊटचा आराखडा मंजुरीला जाण्याआधीची आहे, नंतर त्याला अर्थ उरत नाही. लेआऊटमध्ये उद्यानासाठी जागा सोडावी लागतेच. ती बहुधा कुठल्यातरी विकता न येणाऱ्या तिरक्या तुकड्यात ढकलतात. तीच जागा नाल्याकाठी, वारुळं धरून घ्या. मालकाचा एक गुंठाही जास्त जात नाही. माझ्या अनुभवात जे काही वाचलं त्यातलं निम्म्याहून जास्त या एका बदलाने वाचलं.

वारुळाभोवती निदान दहा फूट मोकळी जागा राखा. 'अंड्यांचा हंगाम संपला की वारूळ मोडू' हे गणित चुकतं. नाग आणि धामीण उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात, पण घोरपड पावसाळ्यात घालते आणि तिची अंडी उबायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे ती डिसेंबर-जानेवारीतही आत असतात. वारूळ मोडायला निर्धास्त महिना नाही.

झाडोरा काढायचा क्रम

बाकी जमीन साफ करायला उत्तम काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. पावसाळी पिल्लं बाहेर पडलेली असतात, हवा उबदार असते, प्राणी हिंडते असतात. दुसरी संधी फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पंधरवडा. कडक थंडीत आणि मे-जूनमध्ये टाळा.

पहिल्या दिवशी गवत-झुडपं कोयत्याने वीतभर उंचीपर्यंतच कापा, सकाळी दहानंतर, म्हणजे प्राण्यांच्या अंगात चालण्याइतकी ऊब आलेली असते. सुरुवात रस्त्याच्या बाजूने आणि चाल राखलेल्या लाल पट्ट्याच्या दिशेने. चारी बाजूंनी मध्ये येऊ नका, मध्ये अडकतात. दोन रात्री थांबा. आडोसा गेला की ते रात्री स्वतःच सरकतात. मग जमिनीलगत कापणी, पुन्हा दोन-तीन रात्री. मग दगडांचे ढीग, गडगे, लाकडं हाताने एकेक काढायची. त्यानंतर जेसीबी. कापलेलं गवत त्याच दिवशी उचला. ढीग राहिला तर तोच नवा आडोसा होतो. आणि पेटवू नका. माळ पेटवून 'साफ' करणं स्वस्त पडतं, पण आगीतही हे प्राणी पळत नाहीत, आतच शिरतात.

जेसीबी चालवणाऱ्याशी पहिल्या सकाळी दहा मिनिटं बोला, त्याच्या भाषेत. वारुळं चुन्याच्या वर्तुळाने दाखवा. काही दिसलं तर मशीन बंद करून कोणाला फोन करायचा तो नंबर केबिनमध्ये चिकटवा. कर्नाटक वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे. मशीन थांबल्याचे पैसे त्याच्या तासांतून कापले जाणार नाहीत हे कंत्राटदाराकडून त्याच्यासमोर वदवून घ्या. ते झालं नाही तर तो थांबणार नाही, आणि त्याचा त्यात दोष नाही.

काम चालू असताना

पायाचे आणि सेप्टिक टाकीचे खड्डे हे सापळेच. रात्री उघडे राहणार असतील तर प्रत्येकात खरबरीत फळी तिरकी टाका, लांब चरात दर तीस फुटांवर एक. रोज काम सुरू होण्याआधी सगळे खड्डे बघायचे आणि हे कोणा एका माणसाच्या नावावर असायचं. नायलॉनची बारीक जाळी कुंपणाला किंवा बागेला लावू नका, धामणीसारखा साप त्यात अडकून उन्हात मरतो.

राखलेल्या पट्ट्यातून प्राणी परत कामाच्या जागेत येऊ नयेत म्हणून गुळगुळीत जाड प्लास्टिकचं कुंपण: दोन फूट वर, अर्धा फूट मातीत पुरलेलं, खुंट्या कामाच्या बाजूला, वरची कड पट्ट्याकडे किंचित झुकलेली. कामाच्या बाजूने अधूनमधून मातीचा उतार कडेपर्यंत द्या, म्हणजे आत राहिलेल्याला चढून पलीकडे उतरता येईल. धामीण यावरून चढते. पण सापसुरळ्या, फुरशी आणि पिल्लं थांबतात.

उचलून दुसरीकडे सोडणं

लोक हा उपाय सगळ्यात आधी सुचवतात. तो सगळ्यात शेवटी यावा. सापाला त्याच्या हद्दीतली बिळं, पाणी, थंडीतली फट माहीत असते. भीमगडच्या जंगलात नेऊन सोडलेला माळावरचा नाग तिथे भटकत राहतो, रस्त्यावर येतो, बहुतेकदा टिकत नाही. जंगल मोठं असलं म्हणून ते त्याचं होत नाही. शिवाय वन्यप्राणी पकडून हलवणं हा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीचा विषय आहे. खड्ड्यात पडलेला किंवा जखमी असेल तर वनखात्याला कळवून अनुभवी सर्पमित्राकडून काढून घ्या आणि सोडायला सांगा ते जवळच, त्याच प्रकारच्या जमिनीत, शक्यतो त्याच राखलेल्या पट्ट्यात.

त्या पट्ट्यात नवे आडोसे बांधून द्या. उंचवट्यावर, जिथे आपल्या पावसाचं पाणी तुंबणार नाही, तिथे फुटक्या चिऱ्यांचा ढीग: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेएवढा. मध्ये जुने बुंधे आणि ओंडके, फटी मुद्दाम ठेवलेल्या, पश्चिमेची बाजू मातीने झाकलेली, तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं. सिमेंट नाही. जवळच्या घरापासून पन्नास-साठ फूट तरी लांब. हे झाडोरा काढायच्या आधी बांधा, म्हणजे सरकणाऱ्याला जायला जागा तयार असते.

राहायला येणारी माणसं

त्यांची भीती खरी आहे आणि तिला हसू नये. घराभोवती दहा फूट गवत आखूड, विटा-लाकडाचे ढीग भिंतीपासून लांब, दाराखालच्या फटी आणि सांडपाण्याचे पाइप जाळीने बंद, उष्टं-खरकटं उघड्यावर नाही, म्हणजे उंदीर नाहीत. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाय नाही, जमिनीवर झोपणं नाही.

दंश झाला तर माणसाला हलू देऊ नका, हातापायाला फळी बांधा, अंगठ्या-बांगड्या काढा. आवळपट्टी, ब्लेडने कापणं, चोखणं, मांत्रिक यातलं काही नाही. १०८ ला फोन आणि सरळ मोठं रुग्णालय, बेळगावात बिम्स. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही, म्हणून संशय आला तरी जा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनलेलं आहे. त्यात चापड्याचं विष नाही, म्हणून पश्चिम घाटाकडे काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना सापाचं वर्णन सांगावं. पण साप मारून किंवा पकडून सोबत नेऊ नये, त्यात दुसरा दंश होतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना सक्तीची केली आहे. ती नोंद होऊ द्या.

घरं बांधून झाल्यावर

निदान दोन वर्षं, दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात, राखलेल्या पट्ट्यात फेरी मारा. चिऱ्यांच्या ढिगाशी कात दिसते का, वारुळाचं तोंड गुळगुळीत आहे का, नाल्याच्या पायपातून कोणी ये-जा करतं का, बघा. रस्त्याखालचा पाइप निदान दोन फूट रुंदीचा असेल आणि त्यात गाळ नसेल तर करतात. आणि कौलं पुन्हा मांडा, त्याच जागी, त्याच क्रमांकांनी, म्हणजे पहिल्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघता येतं.